राखणदाराची बाटली

माझं अजूनही म्हणणं आहे की चाचाने मला एकदा तरी विचारायला हवं होतं. कित्येक वर्षं हा माणूस मला माल विकत होता. त्यातलं दीड वर्ष मी दर महिन्याला त्याच्या दुकानासमोर उभा राहून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, मालाला वास नाही म्हणून भांडत होतो. अशा वेळी माणूस विचारतो की बाबा रे, तू हे घरी नेऊन नेमकं करतोस काय? त्याने नाही विचारलं. सुलेमानी चहाचा घोट घ्यायचा आणि हसायचा. चूक माझी होती हे मी मान्य केलंय, त्यात वाद नाही. पण न विचारण्याची चूक त्याची होती, आणि ती त्याने आजवर मान्य केलेली नाही.

चाचा म्हणजे दुबईतल्या देऱ्याच्या मसाल्याच्या बाजारात एका अरबाचं दुकान चालवणारा कोकणी मुसलमान. आमच्याच खाडीच्या पलीकडचं गाव त्याचं. बाकी सगळ्यांशी हिंदी, अरबी, फारसी बोलायचा, माझ्याशी मात्र मालवणी. आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाने फसवलं की जास्त झोंबतं, आणि तो मला फसवतोय अशी माझी पक्की खात्री होती. त्याच्याकडून मी जुनिपर घ्यायचो. अरबीत त्याला अरअर म्हणतात. वाटाण्याएवढं, काळपट निळं, सुकलेलं फळ. तिथले लोक ते पोटदुखीवर नेतात, धुरीला नेतात. जिनला जो वास असतो तो मुख्यतः याचाच. आणि मी जिन बनवत होतो. दारू नसलेली जिन.

नव्वदच्या सुमाराला मी दुबईतल्या एका हॉटेलात ग्लास धुण्याच्या कामावर लागलो आणि सहा-सात वर्षांत बारच्या मागे उभा राहिलो. तिथे मोठ्या सणांच्या आदल्या संध्याकाळी दारू बंद असायची. नेहमीची गिऱ्हाइकं तरीही यायची, कारण जाणार कुठे? लिंबू-सोडा पुढ्यात घेऊन मयताला आल्यासारखी बसून राहायची. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं की नशेशिवाय एक दिवस कोणीही काढतो. यांना चुकल्यासारखं होतंय ते ग्लास तोंडाजवळ नेताना येणाऱ्या वासावाचून.

वास पाण्यात कसा उतरवायचा ते मला ठाऊक होतं. माझा मामा काजूची दारू गाळायचा. लहानपणी मे महिन्यात मी त्याच्याकडेच असायचो. मडकं, नळी आणि पाण्यात बुडवलेलं दुसरं मडकं, एवढाच कारखाना. लोक 'पहिल्या धारेची' म्हणून मिशा पिळतात, पण ती खरी पहिली नसते. खरी पहिली वाटी मामा कोणालाच देत नसे. ती घेऊन तो बांधावरच्या झाडापाशी जायचा आणि मुळाशी ओतायचा. राखणदाराला. राखणदार म्हणजे आमच्याकडे गावाची, शेताची राखण करणारा, न दिसणारा. मी एकदा त्या वाटीला नाक लावलं तर मामाने पाठीत धपाटा घातला. "देवाचा फूल हुंगतस काय तू? मग ह्या कित्याक हुंगतस? पयला त्येचा. हुंगूचा नाय, चाखूचा नाय."

ती पहिली वाटी माणसाला बाधते, डोकं धरते, डोळ्यांवर जाते, हे मला हॉटेलात आल्यावर पुस्तकात वाचून कळलं. मला मामाचा अभिमान वाटला. न शिकलेल्या माणसाने देवाच्या नावाने लोकांचे डोळे वाचवले होते.

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी कुकरची शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवली. नळी बर्फाच्या बादलीतून बाहेर काढली. कुकरात जुनिपर, धणे, संत्र्याची साल, दोन वेलच्या आणि पाणी. दारूचा थेंब नाही. धार लागली की पहिले चार थेंब बोटांवर घ्यायचे, खिडकीबाहेर उडवायचे, हात जोडायचे. बाकीचं बाटलीत. बायको म्हणायची, "घरात पोळ्यांनासुद्धा जिनचा वास येतोय. शेजारचे काय म्हणतील?" पण प्यायची तीही, टॉनिक वॉटर आणि बर्फ घालून.

पुढच्या कोरड्या संध्याकाळी मी ती बाटली बारवर नेली. माझ्या हाताखाली तेव्हा वसईचा एक ख्रिस्ती पोरगा होता, बोलायला गोड आणि जिभेचा तिखट. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अरे, ही तर शुद्ध चीटिंग आहे! डोकं बोलतं जिन, पोट बोलतं पाणी." गिऱ्हाइकं हसली आणि त्यांनी दुसरा ग्लास मागितला. पुढची तीन-चार वर्षं दर कोरड्या संध्याकाळी माझी बाटली असायचीच. शेवटी मला वाटू लागलं की दुसऱ्याच्या बारवर उभं राहून हे किती दिवस करायचं? शेजारच्या शारजात तर बारा महिने दारूबंदी. तिथल्या हॉटेलांत जर्मन आणि रशियन पाहुणे पोहण्याच्या तलावाकाठी आंब्याचा रस पीत बसलेले. माझं गिऱ्हाईक तिथे होतं.

दोन हजार सालानंतर मी नोकरी सोडली. अजमानला भाडं कमी, म्हणून तिथे एका जुन्या घराचा मागचा भाग घेतला. अंगण आणि पत्र्याची शेड त्यातच, आणि आम्ही राहायलाही तिथेच. घरमालक अरब. लायसन्सवर नाव त्याचं, कष्ट माझे. लायसन्स 'सुवासिक पाणी' बनवण्याचं. 'जिन' हा शब्द लेबलवर चालणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. मी अर्धा तास वाद घातला आणि हरलो. लॅबने पाण्यात अल्कोहोल शून्य असल्याचा कागद दिला. इंडस्ट्रियल एरियातल्या एका पठाणाकडून तांब्याचं मोठं भांडं बनवून घेतलं, साठ लिटरचं, डोक्यावर घुमट आणि लांब मान. त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर मी तो सौदा पटवला होता.

आता धंदा मोठा झाला होता. मग राखणदाराला चार थेंब कसे चालतील? मामाच्या एका मडक्याला एक वाटी होती. साठ लिटरच्या भांड्याला मी हिशेब लावला, दीड लिटरची एक पूर्ण बाटली. अंगणात बोरीचं जुनं झाड होतं. दर खेपेला पहिली बाटली भरली की मी नाक फिरवून ती नेऊन त्याच्या मुळाशी ओतायचो. वर तेलकट तवंग यायचा. तो बघून मला वाटायचं, बरोबर आहे, हीच ती माणसाला बाधणारी घाण.

पहिल्याच दिवशी मागून ओरडा आला. घरमालकाची आई, ओमानच्या डोंगरातली म्हातारी, लग्न होऊन अजमानला आलेली. सगळे तिला खाला म्हणायचे. "गरम पानी जमीन पे? बिस्मिल्ला नहीं बोलता? नीचे वाला लोग जलता!" म्हणजे जमिनीखाली राहणारे कोणीतरी तिच्याकडेही होते, आणि त्यांना न विचारता गरम पाणी ओतलं तर त्यांना पोळतं. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "खाला, उन को ही देता है." तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मान हलवली आणि परत काही बोलली नाही. त्या दिवसापासून मी बाटली निववून ओतू लागलो.

आणि इथून माझं पाणी बिघडलं.

करामाचा वास अजमानला येईना. भांडं मोठं, तांबं चांगलं, विस्तव हळू, सगळं पहिल्यापेक्षा बरं, पण बाटलीत उतरायचं ते फिकं. धणे पुढे यायचे, साल पुढे यायची, जुनिपर कुठेतरी मागे राहायचं. मी फळ दुप्पट घातलं. मग तिप्पट. काही छोट्या कॉफी शॉपनी सुरुवातीला बाटल्या घेतल्या, पण परत मागवल्या नाहीत. मी सगळ्या गोष्टी तपासल्या आणि एकच उत्तर निघालं, चाचा मला शिळा माल देतोय.

"काय रे, सकाळीच कित्याक आरडतस?" चाचा म्हणायचा.

"ह्या काय फळ आसा? बकऱ्याच्या लेंड्या बऱ्या!"

"मग लेंड्यो घेऊन जा. अजमानात बकरे चिकार." आणि चहाचा घोट.

चाळीस दिरहॅम किलो सांगायचा. मी तिथेच मोठ्याने म्हणायचो, चाळीस म्हणजे पाचशे रुपये, पाचशे रुपयांत गावाला काय काय येतं याची यादी वाचायचो आणि तीस देऊन निघायचो. तीसला मिळालं म्हणजे माल वाईटच असणार, ही शंका मला परतीच्या बसमध्ये खायची.

दीड वर्षाने दार उघडलं. वसईचा तो पोरगा आता शारजात, अल मजाजला लगूनच्या, म्हणजे तिथल्या खाऱ्या तळ्याच्या, काठावरच्या एका हॉटेलात खाण्यापिण्याच्या विभागाचा मॅनेजर झाला होता. सूट, टाय, कपाळ मोठं झालेलं. त्याने स्वतःहून फोन केला, "तुझी ती चीटिंग घेऊन ये. इथे पूलवर रोज लागेल." मी सहा बाटल्या घेऊन गेलो. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

"हे काय आहे रे?"

"तेच आहे."

"बाबा, हे तेच नाही. पावसात भिजलेल्या वहीला असा वास येतो. मी जनरल मॅनेजरकडे हे नेलं ना, तर मलाच पाण्यात ढकलतील." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "करामाचं होतं तसं आण. या महिनाअखेरपर्यंत. नंतर सीझनचं मेन्यू कार्ड छापायला जातं. मग मी काही करू शकत नाही."

त्याच महिनाअखेरीला माझ्या लायसन्सचं नूतनीकरण होतं. घरमालकाने भिडेखातर दोन महिने भाडं मागितलं नव्हतं, पण हे मात्र त्याने स्वच्छ सांगितलं होतं, "धंदा है तो रिन्यू. नहीं तो खलास." लायसन्स नाही म्हणजे व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी, तिघांनीही गावी परत. नोकरी सोडताना मी कोणाचं ऐकलं नव्हतं. परत जाऊन त्या सगळ्यांच्या समोरून रोज चालायचं होतं. आणि मुलीला मराठी वाचताही येत नव्हतं.

मी हॉटेलातून निघालो तो सरळ देऱ्याला. त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅनेजरला दाखवायला नेलेली फळांची अर्धी पिशवी चाचाच्या तराजूत आदळली, फळं बाजारभर घरंगळली, शेजारचे इराणी बाहेर येऊन बघायला लागले. "तुज्या दुकानाची पायरी परत चढलंय तर बापाचा नाव लावचंय नाय!" असं म्हणून मी निघालो. चाचा खाली वाकून एकेक फळ वेचत होता. हसत नव्हता, एवढंच मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची स्कूल बस गेल्यावर घरात उरलेलं शेवटचं फळ भांड्यात घातलं. धार लागली, पहिली बाटली भरली, निवू दिली, बोरीखाली ओतली, हात जोडले. वळतो तर खाला तिथेच चटईवर बसलेली. तिने हात पुढे करून मुळाजवळची ओली माती चिमटीत घेतली आणि नाकाशी नेली.

"तआल. इधर आव," ती म्हणाली. "सूंघ."

"नहीं खाला. हम लोग वो सूंघता नहीं."

"कौन बोला?"

"मामा बोला."

"मामा गुलाब का पानी बनाता?"

आता आली का पंचाईत. अजमानमधल्या, हजला जाऊन आलेल्या म्हातारीला माझा मामा काय बनवायचा ते कसं सांगायचं? पण खोटं बोलवेना. "नहीं खाला. मामा... शराब."

तिने तोंडावर ओढणी घेतली. मला वाटलं आता मुलाला हाक मारणार. पण ओढणीमागे ती हसत होती. "वो शराब. ये शराब है?"

"नहीं, नहीं! कागद है मेरे पास."

"फिर?" ती म्हणाली. आणि चिमटीतली माती माझ्या नाकापुढे धरली.

मी वास घेतला. तो करामाच्या खिडकीतला वास होता. जुनिपर, आणि त्याच्या मागे संत्र्याची साल, इतकं ताजं की डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्ष मी जे शोधत होतो ते सगळं त्या मातीत होतं.

खाला सांगत होती. तिच्या डोंगरात घरोघरी गुलाबपाणी काढतात. पहिल्या भांड्याला जे उतरतं ते नवरीसाठी बाजूला ठेवतात, कारण सगळा वास त्यात असतो, नंतरचं पाहुण्यांच्या हातावर शिंपडायला. "तू अच्छा वाला जमीन को देता, पीछे वाला आदमी को बेचता. हम बोला, मन्नत होगा. मन्नत में कौन बोलेगा?"

तीसुद्धा दीड वर्ष बोलली नव्हती, पण तिचा मला राग आला नाही. ती मला भाविक समजली होती. चाचा मला काय समजत होता?

मी शेडमध्ये जाऊन उलट्या डब्यावर बसलो. दारूत पहिलं पाणी माणसाला बाधतं म्हणून टाकायचं. माझ्या भांड्यात दारू नव्हतीच, तर बाधणार काय? तो तवंग म्हणजे घाण नव्हती, फळाचं तेल होतं. करामात चार थेंब जायचे म्हणून वास राहायचा. इथे भक्ती वाढली आणि वास गेला. बारमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस मी, आणि एकदाही त्या बाटलीला नाक लावलं नव्हतं. हसू येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती. पण सगळ्यात आधी छातीवरचा धोंडा उतरला होता. माल खराब नव्हता, भांडं खराब नव्हतं, माझा हातही खराब नव्हता.

बायकोला सांगितलं तर तिने आधी कपाळाला हात लावला आणि मग लगेच मुद्द्यावर आली. "मग आता टाकू नका की."

"असं कसं? त्याचं आहे ते. दीड वर्ष दिलंय. आता बंद केलं आणि काही झालं तर?"

"काय व्हायचं राहिलंय?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "अहो, तुम्ही भाजीवाल्याशी भाव करता, टॅक्सीवाल्याशी करता, पठाणाशी केलात. त्याच्याशीही करा ना. तो आपल्या गावचाच आहे."

मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. "बाबा, जस्ट आस्क हिम," वर न बघता म्हणाली.

मी बोरीखाली जाऊन उभा राहिलो. भांडायला समोर माणूस लागतो. इथे समोर नुसतं झाड. घसा साफ केला आणि मालवणीतच बोललो, कारण त्याला दुसरी भाषा येत असेल असं मला वाटेना. म्हटलं, बाबा, तुझ्या नावाने मी जे देत होतो ते माझ्या पोरीच्या तोंडचं होतं, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत असेल तर तूही बोलला नाहीस. यापुढे चार थेंब. करामाला घेत होतास तेवढेच. गावी येईन तेव्हा नारळ आणि कोंबडा. पटलं तर ठीक, नाही पटलं तर आत्ता सांग. थोडा वेळ थांबलो. झाडावर बुलबुल होता, तो उडाला नाही. मी सौदा पक्का धरला.

पण बाटलीत घालायला फळ कुठे होतं? महिना संपायला पाच दिवस, आणि अख्ख्या देऱ्यात जुनिपर चाचाकडेच. दोन दिवस मी इतर दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी मिरी दाखवली, एका ठिकाणी कंकोळ. तिसऱ्या दिवशी मी त्या पायरीवर उभा राहिलो. बापाच्या नावाचं काय करायचं ते नंतर बघू म्हटलं.

चाचाने वर बघितलं. चहा बाजूला ठेवला.

"दोन किलो," मी म्हटलं.

"चाळीस."

मी ऐंशी काढून तराजूवर ठेवले.

चाचाने पैशांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, स्टुलावरून उठला आणि माझ्या कपाळाला हात लावला. "ताप-बिप आसा काय तुका?"

"नाय."

"मग भाव कित्याक करनस नाय? घराकडे कोण गेला काय?"

"कोण नाय गेला. दी रे मेल्या लवकर!"

"आता बरा वाटला," तो म्हणाला आणि पोत्यात हात घातला. वरचं न घेता कोपरापर्यंत हात आत घालून खालचं फळ काढलं. ऐंशीतले वीस परत माझ्या खिशात कोंबले. मी नको म्हटलं, तो ऐकेना, आणि शेवटी आम्ही त्या वीस दिरहॅमवरून उलटे भांडलो, मी जास्त द्यायला आणि तो कमी घ्यायला. माफी मी मागितली नाही. त्यानेही दिली नाही. माझी नेमकी काय चूक होत होती ते त्याला सांगायला मला पुढे एक वर्ष लागलं, आणि ऐकून तो इतका हसला की मी परत महिनाभर त्याच्याकडे गेलो नाही.

त्या दोन किलोंत एक खेप निघाली. चार थेंब झाडाला. बाकीचं सगळं, पहिली धार धरून, एका मोठ्या बरणीत एकत्र केलं, वरचं तेल सुती कापडातून गाळलं. बायकोने झाकण उघडलं आणि लगेच परत लावलं. मी विचारलं, काय? म्हणाली, "उडून जाईल." मुलीने नाक घालून बघितलं. "स्मेल्स लाइक द ओल्ड हाउस," ती म्हणाली. करामा सोडलं तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती.

महिन्याच्या शेवटच्या आधीच्या दिवशी मी अल मजाजला गेलो. मॅनेजर घाईत होता. उभ्याउभ्याच त्याने ग्लासात बर्फ टाकला, माझं पाणी ओतलं, टॉनिक ओतलं, लिंबाची फोड पिळली. ग्लास नाकाशी नेला. मी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता खिडकीतून लगूनकडे बघत होतो. तळ्यातलं कारंजं बंद होतं.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो बसला होता. टाय सैल केला होता.

"आता आलं," तो म्हणाला. "डोकं बोलतं जिन." पुढचं वाक्य पूर्ण करण्याऐवजी त्याने ग्लास संपवला. "काय केलंस?"

"जुनिपर बदललं," मी म्हटलं. खरं सांगण्याइतका मी वेडा नव्हतो.

"महिन्याला दोनशे बाटल्या जमतील? कार्डवर टाकतो. भाव मात्र मी सांगेन तो."

भाव हा शब्द ऐकल्यावर मी खिडकीपासून वळून त्याच्या समोर बसलो. पुढचा पाऊण तास आम्ही असे भांडलो की सेक्रेटरी दोनदा आत डोकावून गेली. शेवटी त्याने कपाळ पुसलं. "तू बारवर होतास तेव्हाच बरा होतास रे. हो, तू म्हणतोस त्या भावाने. यल्ला, जा आता." ऑर्डरचा कागद त्याने तिथल्या तिथे सही करून दिला. लायसन्सच्या अर्जाला तोच लावायचा होता.

परत येताना रस्त्यावर दोन गाड्या मला आडव्या घुसल्या. मी हॉर्न वाजवला नाही. हात करून त्यांना पुढे जाऊ दिलं. पहिल्यांदाच.

घरी आलो, कागद बायकोच्या हातात दिला. तिने तो नीट वाचला, सहीसकट. मग पलंगावर बसली आणि चेहरा पदरात घेतला. मला वाटलं रडते आहे. रडत होतीच, पण बोलतही होती. "आता आईला काय सांगू?"

"कोणाच्या आईला?"

"माझ्या. मी आठ दिवसांपूर्वी फोन करून सांगितलं की आम्ही येतोय. मागची खोली झाडून ठेव म्हटलं."

माझं डोकंच फिरलं. "मला न विचारता? मी इथे झाडाशी भांडतोय, चाचाचे पाय धरतोय..."

"चाचाचे पाय कधी धरलेत?"

"म्हणजे तुला खात्रीच होती मी हरणार!"

"पोरीच्या शाळेचं बघायला नको होतं?" ती म्हणाली. माझा राग टिकेना. गेले कित्येक आठवडे आम्ही दोघंही एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि ती मी माझ्या एकट्याची समजत होतो.

मीच फोन लावला. सासूबाई शेजारच्यांच्या फोनवर यायच्या, त्यामुळे पाच मिनिटं थांबावं लागलं. आल्या तशा धापा टाकत म्हणाल्या, "कधी येताय?"

"येत नाही आम्ही. काम झालं."

पलीकडून मोठा सुस्कारा. "देव पावला. ती खोली मी झाडलीच नव्हती. त्यात भाताच्या गोणी आहेत. म्हटलं, जावई तिकडे कोणाशी तरी भांडून राहतीलच."